गाणं कानात, माळ गळ्यात

पत्र (थोडी काटछाट करून):

"ताई, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत युटा राज्यातल्या लीहाय गावात आलो. आजूबाजूची बहुतेक घरं मॉर्मन लोकांची, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांची. माझं वय 37, मुलगा सात वर्षांचा.

इथे येण्याआधी कंट्री म्युझिक म्हणजे मला टोपीवाल्यांची रडगाणी वाटायची. शेजारच्या घरातले आजोबा बँजो वाजवतात. सोमवारी संध्याकाळी त्यांचं सगळं कुटुंब एकत्र बसतं, आम्हालाही बोलावतात. तिथे जुन्या गाण्यांची गोडी लागली. मग 'द किलर्स' या रॉक बँडचा, इथल्याच नीफाय गावावरचा अल्बम हाती लागला, आता गाडीत दुसरं काही वाजतच नाही. गेल्या जुलैत पायोनियर डेला, म्हणजे त्यांचे पूर्वज वाट तुडवत युटात पोचले त्या दिवसाच्या सणाला, शेजाऱ्यांच्या अंगणात सगळ्यांनी 'कम, कम, यी सेंट्स' हे त्यांचं जुनं गीत म्हटलं आणि मी ढसाढसा रडले. का, ते अजून कळलेलं नाही. माझे पूर्वज काही त्या वाटेने चालले नव्हते.

हे मी चर्चच्या दोन तरुण सिस्टर्सना, म्हणजे धर्मप्रचाराला आलेल्या मुलींना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'तो पवित्र आत्मा होता. तुम्ही बाप्तिस्मा घ्याल का?' मी म्हटलं, 'बघू.' तेव्हापासून त्या दर आठवड्याला येतात. नवरा हसतो आणि विषय बदलतो. आई फोनवर म्हणते, 'गाणी ऐक की, धर्म कशाला बदलतेस?' मला रात्र रात्र झोप नाही. गाणं भिडलं म्हणजे श्रद्धा पटली, असं असतं का? आणि नाही म्हटलं, तर ती गाणी म्हणायचा मला काही हक्क राहतो, की मी नुसतीच फुकट जेवून उठणारी पाहुणी? शेवटचं विचारते, हसू नका: चहा खरंच सोडावा लागतो का?

— तुमची धाकटी बहीण समजा"

धाकटी बहीण म्हणालीस, तेव्हा अगंतुगंवरच येते.

आधी माझ्या वडिलांचं सांगते. वाईला आमच्या आळीत भजनी मंडळ होतं. वडील तिथे तीस-बत्तीस वर्षं पखवाज वाजवत. तुकोबांचा अभंग रंगला की त्यांचे डोळे भरून यायचे, हात मात्र ठेका सोडायचे नाहीत. मंडळातल्या निम्म्या लोकांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, वडिलांच्या नव्हती. माळ घातली की मांसमच्छी सुटते, दारू सुटते, एकादशी आणि वारी धरावी लागते, आणि आमच्याकडे रविवारी मटण शिजायचं. कुणी टोकलं की म्हणायचे, "माळ घालायला दोन मिनिटं लागतात, निभवायला जन्म जातो. मी आपला पखवाज निभावतो." त्यांना कुणी कधी मंडळातून उठवलं नाही. माझ्या धाकट्या काकांनी मात्र पन्नाशीत माळ घातली आणि शेवटपर्यंत सांभाळली. दोघा भावांत जास्त खरा कोण, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडल्याचं मला आठवत नाही.

तू गाणं ऐकतेस, आणि सिस्टर्स तुला माळ घालशील का म्हणून विचारताहेत. त्यांनी विचारलं यात त्यांचं काही चुकलेलं नाही. फक्त या दोन प्रश्नांची गाठ पडलीय आणि ती तुझ्या झोपेत जाऊन बसलीय. ती आधी सोडवू.

तू रडलीस त्या गाण्यापासून सुरुवात करू, कारण त्याची गोष्ट तुला कुणी सविस्तर सांगितलेली दिसत नाही. फेब्रुवारी 1846 मध्ये इलिनॉयमधल्या नॉव्हू शहरातून मॉर्मन लोक बाहेर पडले. त्याआधी, 1844 साली, त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने गोळ्या घालून मारलं होतं. आता नवा पुढारी ब्रिगहॅम यंग याच्या मागोमाग पश्चिमेला निघालेला तो तांडा आयोवाच्या चिखलात रुतत, पावसात भिजत पुढे सरकत होता. त्यात विल्यम क्लेटन नावाचा एक कारकुनी वळणाचा, बँडमध्ये व्हायोलिन वाजवणारा इंग्रज होता. बायको डायांथा दिवस भरत आल्यामुळे मागे नॉव्हूलाच राहिली होती. 15 एप्रिलला त्याला निरोप मिळाला: मुलगा झाला, बायको आजारी आहे, पण सुखरूप आहे. त्याच दिवशी त्याने हे गीत लिहिलं. त्याचं पालुपद 'सगळं ठीक आहे' असं आहे. सगळं ठीक असताना कुणी असं लिहीत नाही. शेवटच्या कडव्यात तर तो म्हणतो, वाटेतच मेलो तरी चांगलंच, कष्ट संपले. आणि वाटेत लोक मेलेही. 1856 साली हातगाड्या ओढत निघालेल्या विली आणि मार्टिन या दोन तांड्यांना वायोमिंगमध्ये बर्फाने गाठलं, दोनशेच्या वर माणसं गेली. तुझ्या शेजाऱ्यांच्या अंगणात ते गाणं म्हणणाऱ्यांपैकी कुणाची ना कुणाची पणजी त्या वाटेवरून चालत आली असेल. त्यांच्या गळ्यातून येणारा तो आवाज तुला ऐकू आला. घर सोडून लांब आलेली, आईचा आवाज फोनवरच ऐकणारी बाई 'सगळं ठीक आहे' हे शब्द ऐकून रडली, यात न कळण्यासारखं काय आहे गं? तूही आईला दर रविवारी हेच सांगत असशील.

आणखी एक गोष्ट, जी पायोनियर डेला कुणी माइकवरून सांगत नाही. डायांथा ही क्लेटनची एकुलती एक बायको नव्हती. त्याच्या अनेक बायकांपैकी ती एक. चर्चने बहुपत्नीत्व 1890 साली अधिकृतपणे सोडलं. म्हणून गाणं खोटं पडत नाही. पण गाण्यामागे एवढं मोठं परसदार आहे, हे ठाऊक असू दे.

आता हक्काचं. क्लेटनने शब्द लिहिले, चाल लिहिली नाही. ती आधीपासून लोकांच्या तोंडात होती. दक्षिणेतल्या बाप्टिस्ट-मेथडिस्ट मंडळींमध्ये चालणाऱ्या 'सेक्रेड हार्प' या गायनपुस्तकात ती 1844 सालीच छापलेली सापडते. म्हणजे ज्या मातीतून पुढे कंट्री म्युझिक उगवलं, त्याच मातीतली ती चाल. मॉर्मन लोकांची दुसरी एक आवडती रचना, कोलोब नावाच्या दूरच्या ताऱ्याविषयीची, इंग्लंडच्या लोकगीताच्या चालीवर म्हणतात. तुझ्या शेजारच्या आजोबांच्या मांडीवरचा बँजो तर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी अमेरिकेला दिला, आणि याच चर्चने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जून 1978 पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद दिलं नव्हतं. उसनवारीचा हिशेब मांडायला बसलं तर तुझ्या आधी बऱ्याच जणांची उधारी निघेल. गाणं म्हण. खुशाल म्हण. अंगणात बोलावून ओळी तुझ्या हातात देणाऱ्यांनी तो हक्क तुला कधीच देऊन टाकलाय.

पण सिस्टर्सच्या बोलण्याला मी झटकून टाकणार नाही, कारण त्या काही विक्रीचं घोटलेलं वाक्य बोलल्या नाहीत. त्यांच्या धर्माचा गाभाच त्यांनी तुला सांगितला. मॉर्मनच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी वाचकाला आवाहन आहे: हे खरं आहे का, ते देवाला मनापासून विचार, पवित्र आत्मा तुला सांगेल. त्यांच्या दुसऱ्या एका धर्मग्रंथात, निर्णय योग्य असेल तर छातीत ऊब दाटेल, असं म्हटलंय. त्यामुळे एखादीचा गळा दाटून आला की या मुलींना लहानपणापासून शिकवलेलं उत्तर पटकन आठवतं. गाण्याला तर तिथे मान मोठाच. 6 एप्रिल 1830 ला चर्च स्थापन झालं आणि त्याच जुलैत जोसेफची बायको एमा हिला भजनांचा संग्रह करायला सांगितलं गेलं; सज्जनांचं गाणं ही प्रार्थनाच आहे, अशा अर्थाचं वचन त्या आज्ञेत आहे. इकडे अभंगाला जे स्थान, जवळजवळ तेच. म्हणून तू गाण्याच्या दाराने आत गेलीस याचं मला नवल वाटत नाही.

माझी अडचण दुसरीच आहे. तीच ऊब तुला नीफायच्या अल्बमने दिली की नाही? गाडीत दुसरं काही वाजत नाही, असं तूच लिहिलंस. मग त्या अल्बममध्ये काय आहे ते जरा बघ. 'द किलर्स'चा गायक ब्रँडन फ्लॉवर्स या चर्चचा श्रद्धाळू सदस्य आहे, लहानपणीची काही वर्षं नीफायमध्ये वाढला. 2021 साली आलेल्या 'प्रेशर मशीन'मध्ये त्याने त्या गावाच्या व्यथा गायल्या आहेत: रेल्वेखाली गेलेली तरुण मुलं, वेदनाशामक गोळ्यांच्या नादी लागलेली माणसं, नवऱ्याचा मार खाणारी बाई, जगाला नको असलेला एक मुलगा. मध्ये मध्ये गावातल्या लोकांचे खरे आवाज येतात. श्रद्धा त्या गाण्यांमध्ये आहे, पण ती सगळ्यांना वाचवू शकत नाही, हे तो लपवत नाही. मॉर्मनच्या पुस्तकात लीहाय बाप आहे आणि नीफाय त्याचा मुलगा. तू बापाच्या गावात राहतेस आणि दक्षिणेला तासाभरावर मुलाचं गाव आहे. एकदा जाऊन ये. गाडीत तोच अल्बम लाव आणि स्वतःला विचार: छातीत ऊब आली, ती 'हे चर्च खरं आहे' असं सांगत होती, की 'ही माणसं खरी आहेत' असं? दोन्ही उत्तरं असू शकतात. पण तुझं कुठलं, ते सिस्टर्सना कसं कळणार?

मला विचारशील तर कंट्रीने तुला एक गोष्ट दिली जी त्या नीटनेटक्या उपनगरात सहज मिळत नाही: उघड उघड दुःखी असायची परवानगी. तिथल्या लोकांच्या हसऱ्या चेहऱ्यांबद्दल तू काही लिहिलं नाहीस, तरी मला अंदाज आहे. आणि सोमवारच्या संध्याकाळीने तुला साताऱ्याचं अंगण परत दिलं. हे लिहिताना थोडी कठोर होते, राग मानू नकोस. चार वर्षांत तुझ्या दारात आपणहून येणारे लोक कोण होते? आजारी पडलीस तर जेवणाचा डबा कुणी आणला? फर्निचर वर चढवायला कुणाचे मुलगे आले? मॉर्मनांचा वॉर्ड (म्हणजे स्थानिक मंडळी) भूगोलावर ठरतो. या गल्लीपासून त्या गल्लीपर्यंत, ज्याचा त्याचा वॉर्ड. आवडीची मंडळी निवडायची सोय नाही. म्हणून तो आपल्या जुन्या वाड्यासारखा चालतो, कटकटींसकट. तुला धर्म हवाय की शेजार, हा प्रश्न मला सगळ्यात आधी पडला. शेजार हवा असेल तर तो बाप्तिस्म्याशिवायही मिळायला हवा. मिळतो का, ते नाही म्हटल्यावरच कळेल. माझा अंदाज, बँजोवाले आजोबा नात्यातले राहतील. सगळेच राहतील असं नाही, आणि ते थोडं दुखेल.

एक छोटा प्रयोग सांगते. डायमंड रिओ या कंट्री बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा डॅन ट्रूमन या चर्चचा. त्याने आणि जेसन डियरने 2005 साली नॅशव्हिलच्या वादकांना घेऊन थेट जोसेफ स्मिथवर एक अल्बम केला. पुढे पायोनियरांवर केला, मिशनऱ्यांवर केला. तेच फिडल, तेच मँडोलिन, पण इथे शब्द सरळ सिद्धांताचे. तो ऐक. वाद्यं तीच असूनही मन बाहेर राहिलं, तर तुला कळेल की तू फिडलवर प्रेम करत होतीस. मन आणखी आत ओढलं गेलं, तर तेही मोलाचं उत्तर आहे, आणि मग माझ्या आळीतल्या गोष्टी बाजूला ठेवून पुढचा विचार कर. याच्या अगदी उलट टोकाला मिनेसोटातल्या डलूथचं 'लो' हे बँड आहे. ॲलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर हे नवरा-बायको, दोघेही याच चर्चचे. उपदेश शून्य, दोन आवाज एकमेकांना धरून अगदी सावकाश चालतात. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्करोगाने मिमी गेली. ॲलनने 2025 मध्ये त्याच गावच्या 'ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स' या बँजो-फिडलवाल्या मंडळींबरोबर अल्बम केला. तो रात्री ऐकू नकोस, आधीच झोप नाही तुला.

(मेरी ऑस्मंडचं नाव तर तुझ्या शेजारणीने घेतलंच असेल. युटातल्या ऑग्डनच्या त्या मोठ्या कुटुंबातली ही मुलगी 1973 साली, चौदा वर्षांची असताना, कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली होती. तिथल्या आज्या अजून ते कालच घडल्यासारखं सांगतात म्हणे.)

आता रविवारचं गाणं संपल्यावर सोमवार ते शनिवार काय असतं, तेही बघायला हवं. दहावा हिस्सा चर्चला. महिन्यातल्या एका रविवारी उपवास. स्थानिक पाद्र्यांना पगार नसतो, म्हणून सगळी कामं सदस्यांवर वाटलेली. तुझ्याही वाट्याला येईल, आणि नाही म्हणणं अवघड जाईल. बिशप होणं, बाप्तिस्मा देणं ही याजकपदाची कामं, ती पुरुषांचीच. मॉर्मनच्या पुस्तकातला इतिहास, म्हणजे इ.स.पूर्व 600 च्या सुमारास जेरूसलेमहून निघालेलं कुटुंब अमेरिकेत पोचलं वगैरे, चर्चबाहेरच्या इतिहासकारांना आणि पुरातत्त्वज्ञांना मान्य नाही. श्रद्धाळूंना तो शब्दशः किंवा मनातल्या मनात सांभाळावा लागतो. हे सगळं निभावणारी समाधानी माणसं भरपूर आहेत, तुझ्या शेजारीच आहेत. पण हे पखवाजाचं काम नव्हे, माळेचं आहे.

दोन गोष्टींवर जरा जास्त थांब. पहिली मंदिराची. रोजच्या सभागृहात कुणीही जाऊ शकतं, मंदिरात फक्त परवाना असलेले सदस्य. तुझ्या मुलाने उद्या मंदिरात लग्न केलं, तर साताऱ्याहून आलेली त्याची आजी त्या विधीला आत जाऊ शकणार नाही. 2019 पासून आधी बाहेर नोंदणी लग्न आणि मग लगेच मंदिरातला विधी अशी मोकळीक झाली आहे, तेव्हा अक्षता टाकायला जागा सापडेल. तरी आजी दाराबाहेर, हे चित्र आताच डोळ्यांसमोर आणून ठेव. दुसरी पितरांची. तिथे मेलेल्या पूर्वजांच्या नावाने जिवंत माणसं बाप्तिस्मा घेतात. त्यांच्या मते पलीकडे गेलेला आत्मा तो स्वीकारू किंवा नाकारू शकतो, आणि त्यामागची कल्पना अशी की कुटुंब मरणानंतरही तुटू नये. मला ती कल्पना हृद्य वाटते, खरं सांगते. पण तुझ्या आजोबांच्या नावाने कुणी पाण्यात उतरलं हे आईला कळलं तर? श्राद्धाचं पान वाढणाऱ्या घरात हा विषय सोपा जाणार नाही.

म्हणून तुला नारायण वामन टिळकांची आठवण देते. 1893 साली आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं आणि 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत, असं सांगतात. आणि ते खरंच दिसतं: धर्म बदलला पण ओवी सोडली नाही, अभंग सोडला नाही, मराठी चर्चमध्ये आजही त्यांची भजनं म्हणतात. म्हणजे गाणं घेऊन माणूस इकडून तिकडे जाऊ शकतो, गाणं बुडत नाही. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंची. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला ही बातमी तिच्यावर कोसळली, काही वर्षं ताटातूट झाली, आणि पुढे तीही ख्रिस्ती झाली ती स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला. टिळकांचा निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही. घरच्यांच्या वाट्याला तो वीज पडल्यासारखा आला, एवढंच बोचतं. तुझा नवरा हसून विषय बदलतो, कारण त्याला वाटतं तूही हसतेयस. एके रात्री मुलगा झोपल्यावर टीव्ही बंद कर आणि सांग, मला रात्र रात्र झोप लागत नाही. बाप्तिस्म्यापासून सुरुवात करू नकोस, झोपेपासून कर.

मुलाबद्दल मात्र घाई आहे. त्यांच्याकडे आठव्या वर्षी मुलांचा बाप्तिस्मा होतो, आणि तुझा सात वर्षांचा. त्याचे मित्र येत्या वर्षभरात पांढरे कपडे घालून पाण्यात उतरतील, फोटो निघतील, केक कापतील, आणि तो घरी येऊन विचारेल, माझा कधी? त्याचं उत्तर तुम्ही दोघांनी आधी ठरवून ठेवा. "तू मोठा झालास की तुझं तू ठरव" हे उत्तर चालेल, पण दोघांच्या तोंडून एकच आलं पाहिजे.

आणि त्या सिस्टर्स. अगं, त्या विशीच्या आसपासच्या पोरी आहेत, घरापासून लांब, स्वतःच्या नाहीतर घरच्यांच्या पैशांवर आलेल्या. तू 'बघू' म्हणालीस. साताऱ्यात 'बघू' म्हणजे नाही, हे वरातीतल्या घोड्यालाही कळतं. तिथे 'बघू' म्हणजे वहीत पुढच्या आठवड्याची भेट. त्यांना स्पष्ट सांग: "तुमच्याबरोबर गाणी म्हणायला मला आवडतं. बाप्तिस्म्याचं मी यंदा ठरवणार नाही, आणि त्यासाठी तुम्ही येऊ नका. जेवायला या." एवढं इंग्रजीत म्हणता येतं. त्यांना वाईट वाटेल, मग बरं वाटेल, कारण खोट्या आशेवर दर आठवड्याला चालत येण्यापेक्षा ते बरं. थोड्या दिवसांनी त्यांची बदली होईल आणि नव्या दोघी येतील. त्यांनाही तेच सांगावं लागेल, तयारी ठेव.

माझं मत विचारलंस म्हणून देते: यंदा नको. एक अख्खं वर्ष गाण्यावाचूनच्या जागी त्यांना भेट. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांची साक्षीची सभा असते, जो उठेल तो बोलतो, कधी रडतो, कधी भरकटतो. तिथे बस. कुणाच्या अंत्यविधीला बोलावलं तर जा. वॉर्डातली एखादी बाई चर्चवर चिडलेली असेल, तिच्याशी बोल. तिच्याकडून जे कळेल ते पत्रकात छापलेलं नसतं. एवढं झाल्यावरही माळ घालाविशी वाटली, तर ती तुझी माळ, मी कोण अडवणारी? काकांना कुणी अडवलं नव्हतं.

आईला एक गंमत सांग. हे लोक आपल्याकडे काही आज आलेले नाहीत. 1852 साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला होता आणि पुढे पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज शिपायांमध्ये त्याने छोटीशी मंडळी जमवली होती. फार काही टिकली नाही. पुण्याच्या हवेत काय होतं कुणास ठाऊक, पण मला दाट संशय चहाचाच आहे.

तेव्हा चहाचं. हो, सोडावा लागतो. 1833 सालच्या त्यांच्या आरोग्यवचनात दारू, तंबाखू आणि 'गरम पेयं' निषिद्ध आहेत, आणि गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी असा अर्थ रूढ झाला. व्हिस्कीवर रडणारी कंट्री गाणी ऐकत हे लोक सोड्यात सरबत आणि साय घालून पितात, त्याची दुकानं तुझ्या रस्त्यावर दोन-चार असतीलच. तू सदस्य नाहीस, तेव्हा निर्धास्त पी. सिस्टर्स जेवायला आल्या तर कोकम सरबत कर. वनस्पतींचे काढे चालतात, म्हणजे गवती चहाही चालतो. फक्त त्यात चहापत्ती घालायची नाही, आणि ती न घातलेल्या पाण्याला साताऱ्यात काय म्हणतात ते त्यांना सांगायचं नाही.